ढीग, खड्डा आणि घुमट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात ‘महत्त्वमापन’ नावाचे एक प्रकरण असते. बहुतेक वेळा ते पुस्तकाच्या अखेरीस येते, परीक्षा जवळ आली की घाईघाईने उरकले जाते आणि निकालानंतर विसरले जाते. शंकूचे घनफळ, गोलाचे पृष्ठफळ, शंकुछेद ही नावे ऐकली की अनेकांना आजही घाम फुटतो. ‘हे सगळं पुढे कुठे कामाला येतं हो?’ असे मुले विचारतात आणि बरेचसे पालकही त्यांच्या सुरात सूर मिसळतात. आजच्या भाषणात मी या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. त्यासाठी आपल्याला नागपूरच्या बाहेर फारसे जावे लागणार नाही.

घनफळ म्हणजे एखाद्या वस्तूत किती मावते किंवा ती किती जागा व्यापते याचे माप. पृष्ठफळ म्हणजे ती बाहेरून झाकायला किती कापड, रंग, पत्रा किंवा प्लास्टिक लागेल याचे माप. एक भरण्याचा हिशेब, दुसरा मढवण्याचा. घर बांधणारा, शेती करणारा, संत्री विकणारा आणि रोजगार हमीच्या कामावर कुदळ चालवणारा, या प्रत्येकाला हे दोन हिशेब रोज करावे लागतात. स्वतःला येत नसले तर ते दुसऱ्याकडून करून घ्यावे लागतात आणि मग त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

घर बांधण्यापासून सुरुवात करू. आपल्याकडे रेती, मुरूम आणि गिट्टी ब्रासच्या भावाने मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. समजा, कन्हानची रेती घेऊन एक ट्रॉली दारात उभी आहे. ट्रॉलीची आतली लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि फाळक्याची उंची २ फूट. काठोकाठ भरली तर १० गुणिले ६ गुणिले २, म्हणजे १२० घनफूट. हा झाला सव्वा ब्रासला थोडा कमी माल. पण रेती काठापर्यंत थांबत नाही, मध्ये तिचा ढीग असतो. ढिगाचे टोक काठापासून एक फूट वर आहे असे धरा. आता कोणी टेपचे टोक ट्रॉलीच्या तळाला लावून ढिगाच्या शेंड्यापर्यंत ३ फूट उंची मोजली आणि १० गुणिले ६ गुणिले ३ असा हिशेब मांडला, तर उत्तर येते १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास.

इथे आकार ओळखण्याचा प्रश्न येतो. काठावरचा भाग पेटीसारखा नाही. तो चारी बाजूंनी उतरत जाणारा, वर टोक असलेला आहे. अशा निमुळत्या आकाराचे घनफळ पायाचे क्षेत्रफळ गुणिले उंची याच्या फक्त एक तृतीयांश असते. पाया ६० चौरस फूट, उंची १ फूट, म्हणजे पूर्ण पेटी ६० घनफुटांची आणि ढीग त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, २० घनफुटांचा. एकूण माल १४० घनफूट, म्हणजे १.४ ब्रास. ४० घनफूट निव्वळ हवा आपण रेतीच्या भावाने विकत घेतली असती.

हिशेब इथेही संपत नाही. ओलसर रेती फुगते. रेतीच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांना दूर ढकलतात. बारीक रेतीत ही फूग २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. गंमत अशी की रेती पाण्यात पूर्ण बुडवली की फूग नाहीशी होते आणि ती कोरड्या रेतीएवढीच जागा घेते. यावरूनच बांधकामावर करता येण्याजोगी एक सोपी परीक्षा निघाली आहे. सरळ बाजूंचे भांडे घ्या. त्यात ओलसर रेती ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत सैल भरा. मग ती बाहेर काढून भांडे निम्मे पाण्याने भरा, रेती पुन्हा आत टाका, काडीने ढवळा आणि बसू द्या. आता रेतीची उंची २४ सेंटिमीटर भरली, तर २४ सेंटिमीटरच्या मालाने ६ सेंटिमीटर फूग दाखवली होती, म्हणजे २५ टक्के. मघाची १.४ ब्रास रेती अशी ओलसर असेल तर कोरड्या हिशेबाने ती १.१२ ब्रासच ठरते. कागदावर १.८ आणि प्रत्यक्षात १.१२! यात दर वेळी कोणाची लबाडी असतेच असे नाही. मोजणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते. पण पैसे मात्र आपलेच जातात.

हा ‘एक तृतीयांश’ आला कुठून, असे कोणी विचारील. घरी करून पाहता येते. जाड पुठ्ठ्याचा एक शंकू करा आणि तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा सरळ डबा करा. शंकूने गहू भरभरून डब्यात ओता. बरोबर तीन शंकूंनी डबा भरतो. आज शाळकरी मुलाला जे पुठ्ठ्याने कळते, ते कळायला माणसाला बराच काळ लागला. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने सहा कडांच्या टोकदार घनाकृतीचे घनफळ पायाच्या निम्म्या उंचीने गुणून सांगितले होते. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याऐवजी अर्धा हिस्सा. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली एक तृतीयांशाचा बरोबर नियम दिला. आर्यभटाचे मोठेपण याने कमी होत नाही. पण मोठ्या माणसाचे सूत्रसुद्धा डबा भरून पडताळून पाहावे, एवढा धडा यातून घेता येतो.

ढिगाचा विषय निघाला की भास्कराचार्यांची आठवण होणे क्रमप्राप्त आहे. त्यांचा जन्म १११४ सालचा आणि ‘लीलावती’ ११५० सालची. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जडवीड गावचे आपण, असे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे आणि तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. तर या ‘लीलावती’त धान्याच्या राशी मोजण्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पोती नाहीत, वजनकाटा नाही, खळ्यावर रास पडलेली आहे आणि ती किती आहे ते सांगायचे आहे. हातात फक्त एक दोरी. भास्कराचार्य सांगतात, राशीचा घेर मोजा. त्याचा सहावा भाग काढा, त्याचा वर्ग करा आणि उंचीने गुणा. झाले घनफळ.

उंची तरी कशी मोजणार? राशीच्या पोटात काठी खुपसायची का? त्याचीही गरज नाही, कारण धान्याची रास आपल्या मर्जीने उंच करता येत नाही. ओतत गेलो की ती ठरावीक उतारावर घसरू लागते. भरड, टपोऱ्या धान्याची उंची घेराच्या दहाव्या हिश्श्याइतकी, बारीक धान्याची अकराव्या हिश्श्याइतकी आणि धानासारख्या कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्श्याइतकी धरावी, असा त्यांचा नियम आहे. आजच्या भाषेत हे उतार अनुक्रमे सुमारे ३२, ३० आणि ३५ अंशांचे होतात. बारीक मोहरी जास्त पसरते आणि कुसळे एकमेकांत अडकतात म्हणून धान उंच राहते, हे भंडारा-गोंदियाकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. रास भिंतीला टेकलेली असेल, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असेल किंवा भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पडलेली असेल, तर काय करायचे तेही त्यांनी दिले आहे. भिंतीशी असलेली रास अर्धी, आतल्या कोपऱ्यातली पाव आणि बाहेरच्या कोपऱ्यातली पाऊण. घेर आधी पूर्ण राशीचा करून घ्यायचा, उत्तर काढायचे आणि मग तेवढाच हिस्सा घ्यायचा.

आता एक प्रत्यक्ष हिशेब करू. धानाच्या राशीचा घेर १८ फूट आहे. नववा हिस्सा २ फूट, ही उंची. घेराचा सहावा भाग ३, त्याचा वर्ग ९, गुणिले २, म्हणजे १८ घनफूट. तोंडी हिशेब झाला. शंकूच्या सूत्राने आणि ३.१४ घेऊन हाच हिशेब केला तर १७.२ घनफूट येतात. फरक का पडला? घेराचा सहावा भाग घेणे म्हणजे वर्तुळाचा घेर व्यासाच्या बरोबर तिप्पट मानणे. तो तिपटीहून थोडा अधिक असतो, त्यामुळे सोप्या नियमाचे उत्तर पावणेपाच टक्क्यांनी जास्त येते. भास्कराचार्यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. त्यांनीच ‘लीलावती’त २२ भागिले ७ हे कामचलाऊ आणि ३९२७ भागिले १२५०, म्हणजे ३.१४१६, हे सूक्ष्म माप दिले आहे. पण खळ्यावर, उन्हात, तोंडी करायच्या हिशेबाला त्यांनी सोपा नियम दिला. आमच्या उदाहरणातला फरक पाऊण घनफुटाहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे २३ लिटर धान. रास विकणाऱ्याला तेवढे जास्त पैसे मिळतात आणि राशीवर सारा भरायचा असेल तर त्यालाच तेवढा जास्त द्यावा लागतो. सोपा नियम नेहमी कोणाच्या तरी बाजूला थोडा झुकलेला असतो. कोणाच्या, हे एकदा विचारून घ्यावे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण लाकडाच्या व्यवहारात सापडते. बल्लारपूर आणि आलापल्लीच्या सागाचे नाव सगळ्या देशात आहे. गोल ओंडक्याचे घनफूट काढण्याची एक जुनी रीत अशी की ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर ४ फूट, लांबी १० फूट, तर उत्तर १० घनफूट. खरे घनफळ मात्र १२.७ घनफूट असते. म्हणजे या रीतीत साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबातच येत नाही. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराने १७३६ साली अशी कोष्टके छापली आणि ती इंग्रजी अमलाबरोबर जगभर पसरली. तिच्यामागे कारणही आहे. ओंडका चौकोनी करताना साल, भुसा आणि कडेच्या फळ्या वाया जातात, त्यांची सूट म्हणून हा हिस्सा आधीच वजा केलेला असतो. हे दोन्ही पक्षांना माहीत असेल तर व्यवहार चोख आहे. ज्याच्या बांधावरचे सागाचे झाड विकले जात आहे, त्याला हे माहीत नसेल, तर तो आपले एक पंचमांश लाकूड भाव न ठरवताच देऊन मोकळा होतो.

आता ढिगाकडून खड्ड्याकडे येऊ. विदर्भाच्या शेतकऱ्याला सध्या ज्या खड्ड्याशी सर्वांत जास्त मतलब आहे तो म्हणजे शेततळे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली आणि ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल हे माप गावोगाव लोकांच्या तोंडी झाले. ३० गुणिले ३० गुणिले ३, म्हणजे २७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर पाणी, असा कोणीही झटकन हिशेब करील. पण तळ्याच्या बाजू उभ्या नसतात, तशा ठेवल्या तर त्या ढासळतील. एक मीटर खाली जाताना एक मीटर आत, असा उतार दिला तर ३ मीटर खोलीला प्रत्येक बाजूने ३ मीटर आत यावे लागते. तळ उरतो २४ मीटर बाय २४ मीटर.

अशा, वर रुंद आणि खाली अरुंद खड्ड्याचा नियमही ‘लीलावती’त आहे आणि तो आजच्या स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकातल्या नियमाशी तंतोतंत जुळतो. तोंडाचे क्षेत्रफळ घ्या, तळाचे क्षेत्रफळ घ्या आणि दोन्हीकडच्या बाजूंची बेरीज करून त्या बेरजेचे क्षेत्रफळ घ्या. तिन्ही मिळवून सहाने भागा आणि खोलीने गुणा. भास्कराचार्यांचे उदाहरण आहे १२ हात लांब, १० हात रुंद, तळाशी दोन्ही मापे निम्मी आणि खोली ७ हात अशा विहिरीचे. उत्तर येते ४९० घनहात. आपल्या शेततळ्यासाठी तोंड ९००, तळ ५७६, बाजूंची बेरीज ५४ आणि तिचा वर्ग २९१६. एकूण ४३९२, भागिले ६ म्हणजे ७३२, गुणिले ३ म्हणजे २१९६ घनमीटर. जवळजवळ २२ लाख लिटर. २७ लाखांपैकी ५ लाख लिटर पाणी कधी नव्हतेच.

हा आकडा शेतकऱ्याने डोक्यात ठेवायलाच हवा, कारण त्यावर पुढचे पीक अवलंबून असते. एक एकर रानाला ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची तर सुमारे २०० घनमीटर पाणी लागते. तेव्हा भरलेले तळे म्हणजे फार तर अकरा पाळ्या, त्याही झिरपणे आणि उडणे वजा न करता. आता तळ्यातली खुणेची काठी पाहिली आणि पाणी ३ मीटरवरून दीड मीटरवर आलेले दिसले. ‘अर्धे तळे शिल्लक आहे’ असे आपण म्हणतो. खरोखर तसे असते का? दीड मीटर खोलीला पाण्याचा पृष्ठभाग २७ बाय २७ असतो. वरच्याच नियमाने हिशेब केला तर शिल्लक पाणी ९७६ घनमीटर निघते. म्हणजे ४४ टक्के, पाचही पाळ्या पुऱ्या होत नाहीत. हरभऱ्याला शेवटचे पाणी मिळणार की नाही हे या सहा टक्क्यांवर ठरू शकते.

शेततळ्यात मढवण्याचाही हिशेब असतो. मुरमाड जमिनीत पाणी जिरू नये म्हणून तळाला आणि बाजूंना प्लास्टिकचे अस्तर घालतात. ते किती लागेल? तळ ५७६ चौरस मीटर. बाजूची उतरती लांबी ३ मीटर नसून सव्वाचार मीटर असते, कारण आपण तिरपे उतरत आहोत. अशा चार उतरत्या बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ४५८ चौरस मीटर. एकूण १०३४, शिवाय काठावरच्या चरात दाबायला वेगळे. बाजू ३ मीटरच्या धरल्या तर अस्तर सव्वाशेहून अधिक चौरस मीटर कमी पडेल. उन्हाळ्यात पाणी उडते ते मात्र वरच्या उघड्या पृष्ठभागावरून. दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले असे धरले तर ९०० चौरस मीटरच्या तळ्यातून एका दिवसात ९ हजार लिटर जाते. तेच पाणी जास्त खोल आणि तोंडाने लहान तळ्यात असते तर कमी उडाले असते. साठवण घनफळावर ठरते, नुकसान पृष्ठफळावर.

खड्डा खणणाऱ्याचे काय? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडायला आणि मातीकामाला गेली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. अशा कामांवर मजुरी हजेरीवर न देता झालेल्या कामाच्या मापावर देण्याची पद्धत होती. समजा, ५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद खड्डा आहे. एका टोकाला तो ३० सेंटिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ५० सेंटिमीटर खोल आहे. मधला तळ सारखा उतरता असेल तर सरासरी खोली ४० सेंटिमीटर आणि काम ४ घनमीटर. मोजणाऱ्याने फक्त उथळ टोकाला पट्टी लावली तर ते ३ घनमीटर भरेल. चार मजुरांपैकी एकाची पूर्ण मजुरी त्या पट्टीच्या जागेवर बुडाली. म्हणून ठिकठिकाणी खोली मोजून सरासरी घ्यायची असते आणि जमिनीची मूळ पातळी कळावी म्हणून खड्ड्याच्या मध्ये मातीचे उंचवटे न खणता ठेवतात. आणखी एक गोष्ट अशी की खणलेली माती सैल होऊन पाव हिश्श्यानेही फुगते. ४ घनमीटर खड्ड्यातून निघालेला ढीग ५ घनमीटर दिसू शकतो. माप खड्ड्याचे की ढिगाचे, हे काम सुरू होण्याआधी ठरले पाहिजे. कुदळ चालवणाऱ्या बाईला लांबी, रुंदी आणि सरासरी खोलीचा गुणाकार करता आला, तर मस्टरवरचा आकडा तिला कोणाला विचारावा लागणार नाही.

थोडे गोड बोलू. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात संत्री डझनाने मिळतात. लहान संत्रे ६ सेंटिमीटर व्यासाचे आणि मोठे साडेसात सेंटिमीटरचे. नुसते पाहिले तर मोठे फळ ‘थोडे मोठे’ वाटते, व्यास सव्वापटच तर आहे. पण घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. सव्वाचा घन १.९५, म्हणजे मोठे फळ जवळजवळ दुप्पट! साल मात्र व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे दीडपटीहून जरा जास्त, १.५६ पट. तेव्हा मोठ्या संत्र्यांचा डझनाचा भाव लहानांच्या दीडपट असेल तर सौदा फायद्याचा आहे. फळाची जात आणि सालीची जाडी सारखी असावी, एवढीच अट.

लहान वस्तूला तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो, हा नियम नागपूरच्या उन्हाळ्यात नीट ओळखून घ्यावा. एक मीटरचा ठोकळा घ्या, त्याचे पृष्ठफळ ६ चौरस मीटर. त्याचे १० सेंटिमीटरचे हजार ठोकळे केले तर घनफळ तेवढेच राहते आणि पृष्ठफळ ६० होते. आपल्या कूलरच्या ताट्यांमध्ये लाकडाचे तासलेले बारीक धागे भरतात ते यासाठीच. थोड्या जागेत पुष्कळ ओला पृष्ठभाग मिळतो, पाणी भराभर उडते आणि हवा गार होते. याच नियमाची दुसरी बाजू काळजीची आहे. तान्ह्या मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पृष्ठभाग मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. त्यामुळे पारा ४५ अंशांवर गेला की त्याच्या अंगातले पाणी लवकर कमी होते आणि अंग लवकर तापते. ‘आपल्याला सोसतं, मग त्यालाही सोसेल’ हा हिशेब इथे चुकतो. भर दुपारी लहान मूल घेऊन बाहेर पडण्याआधी हे लक्षात असावे.

शेवटी घुमटाकडे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दीक्षाभूमीवर उभ्या राहिलेल्या भव्य स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. वास्तुशिल्पी शिवदान मल. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, दीक्षाभूमीचा पोकळ आहे आणि माणसे आत जाऊन बसू शकतात. त्याचा व्यास १२० फूट सांगितला जातो. आपण हिशेबासाठी त्या व्यासाचा निव्वळ अर्धगोल धरू. जमिनीवर तो ज्या वर्तुळावर उभा आहे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११ हजार ३०० चौरस फूट. त्यावरच्या अर्धगोलाचे पृष्ठफळ या वर्तुळाच्या बरोबर दुप्पट असते, सुमारे २२ हजार ६०० चौरस फूट. पूर्ण गोल घेतला तर चौपट, आणि हेही ‘लीलावती’त आहे. आत मावणारी जागा सुमारे साडेचार लाख घनफूट.

अर्धगोल आणि त्याच पायावर, त्याच उंचीची गोल भिंत यांचे नाते आर्किमिडीजने शोधले. ६० फूट उंचीची सरळ गोल भिंत बांधली तर तिचे क्षेत्रफळ आणि घुमटाचे पृष्ठफळ अगदी सारखे येते आणि भिंतीवर छप्पर वेगळे घालावे लागते. घुमटात भिंत आणि छप्पर एकच. त्या बदल्यात आतली जागा दोन तृतीयांशच मिळते. आर्किमिडीजला हा शोध इतका प्रिय होता की आपल्या समाधीवर गोल आणि वृत्तचिती कोरावी अशी त्याने इच्छा व्यक्त केली होती. पुढे सिसेरो या रोमन वक्त्याने झुडपांत हरवलेली ती समाधी याच खुणेवरून ओळखली.

श्रोतेहो, सूत्रे पाठ असण्याची गरज नाही, ती पुस्तकात सापडतात. तीन सवयी मात्र लावून घ्याव्यात. पहिली, माप घेण्याआधी आकार कोणता ते पाहायचे: पेटी, शंकू की उतरत्या बाजूंचा खड्डा. दुसरी, सगळी मापे एकाच एककात घ्यायची. लांबी फुटात आणि खोली इंचात घेऊन गुणाकार केला तर उत्तर बारा पट चुकते. तिसरी, समोरचा जी रीत वापरतो आहे ती कोणाच्या बाजूने झुकते हे विचारायचे आणि तेही न रागावता.

घरात दहावीचा विद्यार्थी असेल तर त्याला आज गच्चीवर पाठवा. पाण्याची गोल टाकी मोजून घ्या म्हणावे. टाकीचा व्यास एक मीटर असेल तर पाण्याची पातळी १० सेंटिमीटर खाली गेली की सुमारे ७८ लिटर पाणी खर्च झाले असे समजावे. टाकीवर तशा खुणा करून ठेवल्या तर नळ येईपर्यंत पाणी पुरेल की नाही ते वर जाऊन एका नजरेत कळेल. पुढच्या वेळी रेतीची ट्रॉली आली की टेप त्याच्याच हाती द्या.